ठिणगी कोणाची, धग कोणाची?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या काठी फोर्ट मॅकमरी हे शहर आहे. चहूबाजूंनी स्प्रूस आणि अ‍ॅस्पेनचे घनदाट जंगल, आणि त्या जंगलाखाली डांबरासारख्या चिकट बिट्युमेनने माखलेली वाळू. नदीकाठी पाझरणारे हे डांबर इथल्या मूळ रहिवाशांना पूर्वीपासून ठाऊक होते. होड्यांच्या सांध्यांतून पाणी शिरू नये म्हणून ते स्प्रूसच्या डिंकात मिसळून तिथे लिंपत. १९६७ साली या वाळूतून तेल काढणारा पहिला मोठा कारखाना उभा राहिला आणि आडबाजूच्या वस्तीचे शहर झाले. साधारण दोन टन वाळू उपसली की एक पिंप तेल हाती लागते. ते वाळूपासून सुटे करायला गरम पाणी किंवा वाफ लागते, आणि पाणी तापवायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो. म्हणजे हे तेल गाडीच्या टाकीत पोहोचण्याआधीच त्याच्या नावावर धूर जमा झालेला असतो.

१ मे २०१६ च्या दुपारी शहराच्या नैर्ऋत्येला जंगलात एक छोटी आग दिसली. कॅनडात उन्हाळ्याच्या तोंडाशी अशा आगी नव्या नसतात. बंब, हेलिकॉप्टर, पाण्याचा मारा सगळे सुरू झाले, पण आग हटली नाही. ३ मे रोजी सकाळी शहरावरचे आकाश बऱ्यापैकी स्वच्छ होते. जमिनीलगतच्या थंड हवेवर गरम हवेचे झाकण बसले होते आणि धूर त्याखाली दबून राहिला होता. नेहमीचे व्यवहार चालू ठेवा, मात्र निघायची तयारीही ठेवा, असे अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितले. दुपारी ते झाकण उठले, वारा फिरला आणि काही तासांत बीकन हिल, अ‍ॅबासँड या वस्त्या पेटल्या. सुमारे ८८ हजार लोकांना शहर सोडावे लागले. दक्षिणेकडे जाणारा रस्ता एकच, हायवे ६३. दोन्ही कडेची झाडे पेटलेली आणि मधून मोटारींची रांग सरकते आहे, अशी त्या दिवसाची चित्रे जगभर पाहिली गेली. हजारो लोक उलट उत्तरेला गेले आणि तेल कंपन्यांच्या कामगार छावण्यांत त्यांनी आसरा घेतला.

आगीत सापडून कोणी दगावले नाही, पण शहर सोडताना झालेल्या रस्ते अपघातात दोन तरुण जीव गेले. सुमारे २,४०० इमारती नष्ट झाल्या. सुमारे ५ लाख ९० हजार हेक्टर क्षेत्र होरपळले, म्हणजे गोवा राज्याच्या दीडपटीहून जास्त. तेलाचे उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांच्या आसपास घटले, आणि काही आठवड्यांत पूर्ववत होऊ लागले. आग मात्र जमिनीखालच्या कुजक्या थरांत धुमसत राहिली. ती पूर्ण विझल्याचे २ ऑगस्ट २०१७ रोजी जाहीर झाले, पंधरा महिन्यांनी.

हवा कोरडी का होते?

आग लागायला ठिणगी लागते, आग पसरायला वाळलेले सरण लागते. ठिणगी विजेची असेल, सिगारेटच्या थोटकाची असेल, नाहीतर तुटलेल्या विजेच्या तारेची. फोर्ट मॅकमरीची ठिणगी बहुधा माणसाकडूनच पडली, असे तपासात म्हटले गेले. पण त्याच जंगलात त्याआधीही असंख्य ठिणग्या पडल्या असतील आणि विझल्याही असतील. ही एक विझली नाही, याचे कारण त्या दिवसाच्या हवेत होते.

३ मे रोजी फोर्ट मॅकमरीत तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस होते. तिथे मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारचा पारा एरवी १५ अंशांच्या आसपास असतो. सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्याही खाली उतरली होती. कॅनडातले अग्निशामक या दोन आकड्यांवर बारीक नजर ठेवतात. तापमानाचा आकडा आर्द्रतेच्या आकड्याला ओलांडून वर गेला की त्या स्थितीला ते ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात, आणि मग आग हाताबाहेर जाणार हे गृहीत धरतात. इथे एक आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा होता.

यामागचे भौतिकशास्त्र अगदी घरगुती आहे. श्रावणात दोरीवर टाकलेले कपडे दोन दिवस ओले राहतात, वैशाखात तासाभरात कडक वाळतात. कापड तेच असते, हवेची पाणी शोषण्याची ताकद वेगळी असते. तापमान एका अंशाने वाढले की हवा साधारण ७ टक्के जास्त बाष्प सामावू शकते. जमिनीवर मात्र तेवढे बाष्प उपलब्ध असेलच असे नाही. सामावता येईल ते बाष्प आणि प्रत्यक्षात असलेले बाष्प यांतली तूट वाढत जाते, आणि ती तूट हवा मातीतून, गवतातून, पालापाचोळ्यातून आणि जिवंत झाडांच्या पानांतून भरून काढते. शास्त्रज्ञ तिला बाष्पदाबाची तूट म्हणतात. वणव्याच्या अभ्यासात सगळ्यात जास्त बोलका असलेला आकडा हाच.

फोर्ट मॅकमरीच्या जंगलाचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. ब्लॅक स्प्रूसच्या फांद्या थेट जमिनीपर्यंत लोंबतात, त्यांत राळ भरलेली असते. खालचे गवत पेटले की आग त्या फांद्या धरून शेंड्यावर चढते. या झाडाच्या बोंडांतल्या बिया धग लागल्यावर मोकळ्या होतात, इतके ते आगीला सरावलेले आहे. वसंतात बर्फ वितळते पण नवी पालवी फुटलेली नसते. जमीन आत अजून गोठलेली, त्यामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि स्प्रूसची सुईसारखी पाने वर्षातल्या सगळ्यात कोरड्या अवस्थेत असतात. त्या वर्षी एल निनोमुळे हिवाळा उबदार गेला होता, बर्फही कमी पडले होते. त्या नाजूक पंधरवड्यात ३३ अंशांची दुपार आली.

मग आग शहरात शिरली आणि तिथे तिला वेगळे इंधन मिळाले. आजच्या घरातली सोफ्याची गादी, गालिचा, पडदे, भिंतींवरचे प्लॅस्टिकचे आवरण, यांतले बरेचसे पेट्रोलियमपासून बनते. अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन खोल्या मुद्दाम पेटवून पाहिल्या. जुन्या पद्धतीच्या, लाकूड-कापसाच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला जवळजवळ अर्धा तास लागला. नव्या, कृत्रिम सामानाच्या खोलीला पाच मिनिटेही लागली नाहीत. फोर्ट मॅकमरीत घरे काही मिनिटांत तळघरापर्यंत जळताना अग्निशामकांनी पाहिली. तेलाने हवा तापवली होती आणि घरे भरली होती तीही तेलापासून बनलेल्या वस्तूंनी.

हा कार्बन कुठला?

इथे एक रास्त शंका येते. जंगल जळले तरी कार्बन डायऑक्साइड निघतो, मग हवेत वाढलेला वायू कोळसा आणि तेलाचाच कशावरून?

याचे उत्तर कार्बनमध्येच दडलेले आहे. जिवंत झाडात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन अल्प प्रमाणात असतो. झाड मेल्यावर तो हळूहळू नष्ट होतो. दर ५,७३० वर्षांनी निम्मा. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून असल्याने त्यांत कार्बन-१४ अजिबात उरलेला नसतो. आज जळणाऱ्या स्प्रूसच्या धुरात तो असतो, बिट्युमेनच्या धुरात नसतो. १९५५ साली हान्स सूस या शास्त्रज्ञाने झाडांच्या वाढवलयांत कार्बन-१४ चे प्रमाण घसरत गेल्याचे दाखवले. हवेत जुना, ‘मेलेला’ कार्बन मिसळत होता, आणि तो कुठून येतो याचे दुसरे पटणारे उत्तर नव्हते.

बाकीचा हिशेब त्याहून जुना आहे. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात साध्या हवेपेक्षा जास्त तापते, हे अमेरिकेत युनिस फूट यांनी १८५६ साली नोंदवले. १८५९ पासून ब्रिटनमध्ये जॉन टिंडल यांनी हा वायू उष्णता कशी अडवतो ते मोजले. १८९६ साली स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंत या वायूचे सुमारे ३१५ रेणू होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते. आज ४२० च्या वर आहेत.

ज्यांना आधीच माहीत होते

ही माहिती फक्त प्रयोगशाळांत पडून राहिली असे नाही. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये तेल उद्योगाच्या शताब्दी समारंभात एडवर्ड टेलर या अणुशास्त्रज्ञाने तेल धुरीणांसमोर हा धोका उघड सांगितला. १९७७ मध्ये एक्सॉन कंपनीच्या जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने आपल्याच वरिष्ठांना तोच इशारा दिला. १९८२ साली कंपनीच्या अंतर्गत अहवालात एक आलेख होता. २०२० च्या सुमारास हवेत किती कार्बन डायऑक्साइड असेल आणि पृथ्वी किती तापलेली असेल, हे त्यात दाखवले होते. प्रत्यक्ष आकडे त्या आलेखाच्या अगदी जवळ निघाले. कंपनीच्या शास्त्रज्ञांचे तापमानवाढीचे अंदाज किती अचूक होते यावर २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात शोधनिबंधही आला. या काळात कंपनी जाहीरपणे मात्र विज्ञान अजून अनिश्चित आहे असेच म्हणत राहिली. याच एक्सॉनची कॅनडातली कंपनी इम्पीरिअल ऑइल, आणि फोर्ट मॅकमरीच्या तेलवाळूत तिचा मोठा हिस्सा आहे.

त्याच २०२३ साली अमेरिकेतल्या ‘युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स’च्या संशोधकांनी हिशेब एक पाऊल पुढे नेला. जगातल्या सर्वांत मोठ्या ८८ इंधन आणि सिमेंट उत्पादकांचे उत्सर्जन किती, त्यामुळे पश्चिम अमेरिका आणि नैर्ऋत्य कॅनडात बाष्पदाबाची तूट किती वाढली आणि त्यामुळे जंगल किती जास्त जळले, अशी साखळी त्यांनी जोडली. १९८६ पासून तिथे जळलेल्या जंगलक्षेत्रापैकी ३७ टक्के क्षेत्राचा संबंध या उत्पादकांच्या उत्सर्जनाशी लावता येतो, असा निष्कर्ष निघाला. उरलेल्या ६३ टक्क्यांना दुसरी कारणे आहेत. म्हणूनच तो ३७ टक्क्यांचा आकडा विश्वासार्ह वाटतो. सगळा दोष एकाच्या माथी मारणारा हिशेब लगेच संशयास्पद ठरतो.

‘आत्ता नको’ म्हणजे कधी?

फोर्ट मॅकमरी जळत असतानाच कॅनडात एक वाद झाला. ग्रीन पक्षाच्या नेत्या एलिझाबेथ मे यांनी आगीचा हवामान बदलाशी संबंध जोडला. घरदार जळालेल्या लोकांसमोर राजकारण करता का, असा सूर उठला आणि त्यांना खुलासा करावा लागला. पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी टोकाच्या हवामानाच्या घटना वाढणार हे मान्य केले, पण एखाद्या आपत्तीवरून राजकीय युक्तिवाद करणे योग्य नाही, अशा आशयाचे उत्तर दिले.

या संकोचाचे कारण समजण्यासारखे आहे. ज्यांची घरे गेली, त्यांतले बहुतेक तेलावर पोट भरणारे कामगार होते. कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलँडपासून परदेशांपर्यंत कुठून कुठून ते कामासाठी आलेले. जळक्या दारात उभ्या माणसाला ‘तुझ्याच धंद्याने हे झाले’ असे ऐकवणे निर्दय तर होतेच, चूकही होते. तेल जाळणारे जगभर पसरलेले आहेत, आणि दर वर्षी जीवाश्म इंधनातून हवेत जाणारा सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड एका शहराच्या खात्यावर मांडता येत नाही. पण सांत्वन वेगळे आणि कारणमीमांसा वेगळी. पहिल्यासाठी दुसरी कायमची पुढे ढकलली की पुढच्या आगीची तयारीही पुढे ढकलली जाते.

कारणमीमांसा करायला विज्ञानही तोवर सज्ज झाले होते. २०१७ मध्ये कॅनडाच्या सरकारी शास्त्रज्ञांच्या अभ्यासात, पश्चिम कॅनडाच्या त्या भागात इतक्या टोकाच्या आगीचा धोका माणसामुळे झालेल्या हवामान बदलाने दीड ते सहापट वाढला असल्याचे आढळले. ‘ही आग हवामान बदलाने लावली का?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो प्रश्नच चुकलेला आहे. ‘अशी आग लागण्याची शक्यता किती वाढली?’ या प्रश्नाला उत्तर आहे.

त्यानंतरची उत्तरे आणखी स्पष्ट होत गेली. २९ जून २०२१ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन या गावात पारा ४९.६ अंशांवर गेला. कॅनडातला हा आजवरचा उच्चांक. दुसऱ्या दिवशी गाव जळून गेले, दोन माणसे दगावली. ती उष्णतेची लाट हवामान बदलाशिवाय जवळजवळ अशक्य होती, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटाने काढला. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले, म्हणजे जवळजवळ निम्मा महाराष्ट्र. त्या आगींतून निघालेला कार्बन चीन, अमेरिका आणि भारत सोडले तर कोणत्याही देशाच्या वर्षभराच्या इंधनातून निघणाऱ्या कार्बनपेक्षा जास्त होता. जंगल पुन्हा वाढले तर त्यातला बराचसा परत शोषला जाईल. पण त्याला काही दशके लागतात आणि मधल्या काळात तो पृथ्वी तापवतो. तापलेली पृथ्वी जंगल जाळते, जळलेले जंगल पृथ्वी तापवते. मे २०२४ मध्ये फोर्ट मॅकमरीतल्या बीकन हिल आणि अ‍ॅबासँडच्या रहिवाशांना पुन्हा घरे सोडावी लागली.

आक्षेप आणि त्यांचे वजन

वणवे तर पूर्वीपासून लागतात, हा पहिला आक्षेप. खरे आहे, ब्लॅक स्प्रूसचे बोंडच त्याची साक्ष देते. बदलली आहे ती वारंवारता, हंगामाची लांबी आणि आगीची तीव्रता.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. उपग्रहांच्या नोंदींनुसार जगात दर वर्षी जळणारे एकूण क्षेत्र गेल्या दोन दशकांत घटले आहे. तेही खरे. ही घट मुख्यतः आफ्रिकेतल्या गवताळ माळांची शेती झाल्यामुळे आहे. जिथे झाडे दाट आहेत आणि एकेक हेक्टर जळताना कितीतरी जास्त कार्बन सुटतो, अशा उत्तरेकडच्या जंगलांत आगी वाढत आहेत. एकूण बेरीज पाहिली तर ही वाढ झाकली जाते.

तिसरा आक्षेप व्यवस्थापनाचा. मूळ रहिवासी पूर्वी थंड, ओलसर दिवसांत मुद्दाम लहान आगी लावून सरण कमी करत. सरकारांनी त्यावर बंदी घातली, प्रत्येक आग विझवत नेली आणि जंगलात इंधन साचत गेले. हा दोष खराच आहे, आणि अशा नियंत्रित आगी आता कॅनडात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात पुन्हा सुरू होत आहेत. पण साचलेले सरण ओले राहिले तर पेटत नाही. व्यवस्थापन आणि हवामान ही कारणे एकमेकांना बळ देतात.

आपल्याकडचा वणवा

सह्याद्रीतला वणवा कॅनडातल्या आगीसारखा नसतो. तो बहुधा जमिनीवरून गवत आणि पाचोळा खात जातो, शेंड्यावर क्वचितच चढतो. लावतोही बहुधा माणूसच. जाळल्यावर पुढच्या पावसाळ्यात गवत चांगले येते, अशी समजूत डोंगरपट्ट्यात अजून आहे. गडचिरोलीत मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. वनखाते फेब्रुवारीआधी जाळरेषा काढते, फायर वॉचर नेमते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्राला वारंवार आगीचा धोका आहे.

ठिणगीचा प्रश्न आपल्याकडे इतका उघड असल्यामुळे चर्चाही तिथेच थांबते. पण बाष्पदाबाची तूट अथाबास्काच्या काठी जशी वाढते तशीच वैनगंगेच्या काठीही वाढते. भौतिकशास्त्र देश पाहत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे आणि हाकेच्या अंतरावर ताडोबाचे जंगल आहे. उन्हाळ्यात तिथे पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो. चंद्रपूरच्या उन्हाचा सगळा दोष तिथल्या कोळशावर ढकलता येणार नाही. धूर जगभर मिसळतो. पण कोळसा, वीज, जंगल आणि ऊन हे चारही विषय जिथल्या लोकांच्या दारात आहेत, त्या महाराष्ट्रात त्यांची चर्चा चार वेगवेगळ्या पानांवर व्हावी, हे पटत नाही.

तेव्हा वणव्याची बातमी वाचताना किंवा सांगताना तीन प्रश्न वेगळे विचारावेत. ठिणगी कोणाची? सरण इतके का साचले? आणि ते इतके वाळले कशाने? पहिल्याचे उत्तर पंचनाम्यात मिळते. दुसऱ्याचे वनखात्याच्या आणि गावाच्या कारभारात. तिसऱ्याचे उत्तर खाणीत, तेलाच्या पिंपात आणि आपल्या विजेच्या बिलात आहे. पहिले दोन प्रश्न आपण नेहमी विचारतो आणि त्यांवर थोडेफार कामही होते. तिसरा विचारल्याशिवाय वणव्याची चर्चा पूर्ण झाली असे मानू नये.